रविवारचे तीन फोन

सुमेधा टिळेकरने अमेरिका कधी पाहिली नव्हती, पण अमेरिकेतली एकशे सदतीस गावं तिने लिहून काढली होती. तीही कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटात, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, लोणच्याची बरणी बाजूला सारून. घर घ्यायला निघालेल्या अमेरिकन लोकांसाठी एक वेबसाइट होती. तिच्यावर प्रत्येक लहान शहराची ओळख असायची: वस्ती किती, शाळा कशा, बाग कुठे, आणि शेवटी तीन परिच्छेद ‘स्थानिक वारसा’. खाली लेखिकेचं नाव केली ब्रूक्स आणि शेजारी एका हसऱ्या, सोनेरी केसांच्या बाईचा फोटो. ही बाई जगात कुठेच नव्हती. पुण्यातल्या एका ऑफिसात रूपेश नावाचा मॅनेजर होता, त्याच्या हाताखाली घरी बसून लिहिणाऱ्या बाराजणी होत्या, आणि त्या बाराजणी मिळून केली ब्रूक्स होत्या.

बाकीच्या अकराजणी काय करायच्या ते सांगायला नको. इकडचं उचलायचं, तिकडे टाकायचं, वर ‘निसर्गरम्य’ची फोडणी द्यायची. सुमेधाचं तसं नव्हतं, आणि त्याचा तिला तोराही होता. लग्नाआधी सिन्नरला ती एका साप्ताहिकासाठी गावोगावची माहिती लिहायची. एसटीने जायचं, पारावर बसायचं, चार म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गाव पाणी कुठलं पितं? पाण्यापासून सुरुवात केली की भांडणं, देव, सोयरिकी सगळं आपोआप बाहेर येतं, असा तिचा अनुभव. ऐकलेल्यात आणि पाहिलेल्यात चार बोटांचं अंतर असतं, हे संपादकांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आता कुवेतमध्ये बसून पाहणं काही शक्य नव्हतं, म्हणून ती निदान फोन करायची. बाराजणींत फोन करणारी ती एकटी.

एप्रिलच्या एका सोमवारी रूपेशने तिला एक मेल पुढे ढकलला. वर लिहिलं होतं की नेहमीचं उत्तर पाठवून दे, फार वेळ घालवू नकोस. नेहमीचं उत्तर म्हणजे आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, कळावे, केली.

मेल ओहायोतल्या एल्डन्स फोर्ड या अकरा हजार वस्तीच्या शहरातून आला होता. लिहिणारी नोरीन टकर नावाची बाई तिथल्या जुन्या पंपघराची देखभाल करायची. तिने लिहिलं होतं की, केलीबाई, तुम्ही आमच्या शहराच्या ओळखीत ‘नदीकाठचं ऐतिहासिक पंपघर आता कायमचं बंद आहे’ असं छापलंत. शहराच्या समितीला तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करायचा आहे. त्यांनी अहवालाला तुमचं पान जोडलं आहे, की बघा, बाहेरची माणसंसुद्धा म्हणतात ते बंद पडलंय. येत्या तेवीस तारखेला, गुरुवारी, सभेत मतदान आहे. पाडायचं ठरलं तर मे महिन्यात पाडतील. मी त्या इमारतीत आठवड्यातले पाच दिवस बसते, तेव्हा तुम्ही हे कुठून काढलंत ते मला कळवा. शेवटी सही होती, आणि सहीच्या वर एकही गोड शब्द नव्हता.

सुमेधाचं डोकंच फिरलं. कुठून काढलंत म्हणजे काय? ती काय दुसऱ्यांसारखी उचलेगिरी करणारी होती? जानेवारीत तिने या पंपघराला एकदा नाही, तीनदा फोन लावला होता. प्रत्येक वेळी पुरत्या वीस घंटा वाजू दिल्या होत्या. तिन्ही वेळा संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, अगदी ऑफिसच्या वेळेत. तीन आठवडे कुणी फोन उचलत नाही, वेळापत्रक कुठे दिलेलं नाही, मग माणसाने काय समजायचं?

तिची सोळा वर्षांची मुलगी उर्वी शेजारीच अभ्यास करत होती. सुमेधाने वही काढली. कुठला फोन कधी केला याची ती नोंद ठेवायची, सिन्नरची सवय. ती वही तिने उर्वीच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, बघ, तारखेसकट आहे, आता सांग चूक कुणाची.

उर्वीने तारखा पाहिल्या. मग फोनमध्ये जानेवारी उघडला. मग आईकडे असं पाहिलं की सुमेधाने वही खाली घेतली.

“आई, दीज आर ऑल संडेज.”

“मग?”

“मग काय? तिकडे संडेला सुट्टी असते.”

आता हसावं की रडावं! एकोणीस वर्षं कुवेतमध्ये काढली की रविवार हा सुट्टीचा वार आहे हे रक्तातूनच निघून जातं. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी सकाळी हरीशचं ऑफिस, उर्वीची शाळा, सगळ्या जगाची घाई. रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, म्हणून सुमेधाने मोठ्या शिस्तीने रविवार हाच फोनचा वार ठरवला होता. ज्या शिस्तीचा तिला एवढा अभिमान, तिनेच घात केला. एल्डन्स फोर्डमधली माणसं चर्चमध्ये बसली असताना ही बाई त्यांच्या कुलुपबंद पंपघरात फोन वाजवत बसली होती, आणि कुणी उचलत नाही म्हणून तिने ते कायमचं बंद करून टाकलं होतं.

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोरच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक जुनं घर होतं, निळ्या लाकडी दाराचं. रोज कपडे वाळत घालताना ती ते बघायची आणि एकदा विचारू कुणाला तरी, असं म्हणायची. एका सकाळी यंत्र आलं आणि दुपारपर्यंत तिथे नुसता ढिगारा होता. घर कुणाचं होतं म्हणून तिने इमारतीच्या राखणदाराला, अब्बासला, विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, खलास मॅडम. ते घर पाडण्यात सुमेधाचा काही हात नव्हता. या पंपघरात मात्र होता, आणि ही गोष्ट तिला स्वतःपासून लपवता येईना. तिला शरम वाटली, अगदी सरळ शरम.

पण नुसतं शरमून बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने आधी रूपेशला फोन केला आणि चूक कबूल करून ती एक ओळ बदलायला सांगितली. एक ओळ! रूपेश म्हणाला की छापलेली पानं क्लायंट वर्षातून एकदाच उघडतो, ऑक्टोबरमध्ये. तिने सांगितलं की ऑक्टोबरपर्यंत तिथे गाड्या उभ्या असतील. त्यावर तो म्हणाला की ताई, आपण गावांची ओळख लिहितो, गावं वाचवत नाही. माणूस वाईट नव्हता, पण हे ऐकून सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग पाच वाजता तिने एल्डन्स फोर्डला फोन लावला. या वेळी वार तपासला, वेळ तपासली, तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेलीत हेही तपासलं. सोमवार, सकाळचे दहा. दुसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

नोरीन टकरचा आवाज म्हातारा होता आणि खणखणीत होता. सुमेधाने स्वतःचं खरं नाव सांगितलं, केली ब्रूक्स नावाची कुणी नाही हे सांगितलं, रविवारचं सांगितलं. मग नोरीनने तिची चांगली अर्धा तास खरडपट्टी काढली आणि सुमेधाने ती मुकाट्याने ऐकून घेतली, कारण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

खरडपट्टी संपल्यावर नोरीनने पंपघराचं सांगितलं. तिच्या आजीच्या लहानपणी नदीला मोठा पूर आला आणि गावातल्या सगळ्या विहिरी नासल्या. पंपघराची विहीर तेवढी उंचावर होती, ती शुद्ध राहिली. मशीन बंद पडलेलं, म्हणून गावातली माणसं आळीपाळीने हाताने पंपाचा दांडा मारत राहिली, अकरा दिवस, आणि प्रत्येक घराला बादली बादली पाणी मिळालं. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात एका शनिवारी गाव तिथे जमतं, पोराटोरांपासून सगळे दांडा मारतात आणि प्रत्येक घर एक बादली पाणी नेतं. आता नळ आहेत, कुणाला त्या पाण्याची गरज नाही, पण नेतात. मागच्या वर्षी दोनशे दहा बादल्या गेल्या होत्या. सुमेधाने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. असल्या गोष्टीसाठी ती सिन्नरला उन्हातान्हात आठ-आठ मैल तुडवायची, आणि इथे ती तीन फोनांवर भागवून मोकळी झाली होती.

मी काय करू, असं तिने विचारलं. नोरीन म्हणाली की माझ्या बोलण्याला किंमत नाही, मी तर म्हणणारच. तू सभेत बोल. व्हिडिओवरून बोलता येतं, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. अट एकच, आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं आणि कुठे राहतेस ते सांगायचं.

तीच तर मेख होती. वेबसाइटवाल्यांची समजूत अशी, की लिहिणाऱ्या बाया अमेरिकेतच राहतात. सुमेधाने रूपेशला कळवलं, आडून काही करायचं नाही म्हणून. या वेळी तो घाबरला. कॉन्ट्रॅक्ट जाईल म्हणाला, तुझ्या एका ओळीपायी अकराजणींच्या पोटावर पाय येईल म्हणाला. हे तिला लागलं. त्या अकरांतली एक विधवा होती, एकीचा नवरा अंथरुणावर होता, हे तिला ठाऊक होतं. दोन दिवस ती त्यावर विचार करत राहिली. मग तिने त्याला लिहिलं की मी फक्त माझं सांगेन, ऑफिसचं नाव घेणार नाही, दुसऱ्या कुणाबद्दल अवाक्षर काढणार नाही. आणि तुला माझ्यावर खापर फोडून मला काढून टाकावं लागलं तर बेलाशक काढ.

घरातही सरळ नव्हतं. हरीश कुवेतच्या शर्क भागातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचा, आणि जन्माचा सावध माणूस. त्याचं म्हणणं, तुझ्या अकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, गृहिणी लिहिलंय. परदेशातल्या सभेत उभी राहून मी काम करते म्हणून कशाला सांगायचं? अशाने उद्या माझ्या अकाम्यावर कुणी बोट ठेवलं तर? त्या पंपघराशी आपला संबंध काय? सुमेधा शांतपणे म्हणाली की काम सुटल्यातच जमा आहे, मी लिहीत होते असं सांगेन, लिहिते असं नाही. आणि संबंधाचं विचारशील तर माझ्यामुळे ते पडणार आहे, याहून वेगळा संबंध मला माहीत नाही. हरीश काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे त्याला पटलं असं मुळीच नसतं, हे तिला एकोणीस वर्षांत कळलं होतं.

दहा दिवस तिने ती तीन मिनिटं घोटली. उर्वी घड्याळ लावून बसायची आणि आई, टू लाँग, आई, यू आर अपॉलजायझिंग टू मच, असं सांगत राहायची. फ्रिजवर कागद चिकटवला होता: गुरुवार, संध्याकाळी पाच, तिकडचे सकाळी दहा. त्याखाली उर्वीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, नॉट संडे.

गुरुवारी हरीश ऑफिसातून चारलाच आला. त्याने टेबलावरची लोणच्याची बरणी उचलून ओट्यावर ठेवली, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं सरकवली आणि एसीचा आवाज येतो म्हणून एसी बंद केला. मग घामाघूम होत तो दारापाशी स्टुलावर बसून राहिला.

पडद्यावर एक साधं सभागृह दिसत होतं. सात सभासद ओळीने बसलेले, मध्ये अध्यक्ष, एक टक्कल पडलेले गृहस्थ. पार्किंगच्या बाजूने दोघे दुकानदार बोलले, आणि त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक पुढच्या शहरात जातं, असं त्यांचं म्हणणं. नोरीन बोलत होती तेव्हा एक सभासद घड्याळ बघत होता. मग अध्यक्षांनी अडखळत अडखळत सुमेधाचं नाव पुकारलं.

सुमेधाचं इंग्रजी सिन्नरच्या शाळेतलं होतं. ते तिने आज लपवलं नाही.

“माझं नाव सुमेधा हरीश टिळेकर. मी कुवेतमध्ये राहते.”

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, कुठे? तिने पुन्हा सांगितलं, आता अधिक मोठ्याने.

“तुमच्या अहवालाला जे पान जोडलंय ते मी लिहिलं आहे. त्यावर नाव दुसरं आहे, फोटो दुसरा आहे, पण ‘कायमचं बंद’ ही ओळ माझी. मी तुमचं शहर पाहिलेलं नाही. मी पंपघराला तीन फोन केले, आणि तिन्ही फोन रविवारी केले. आमच्याकडे रविवारी कामं सुरू होतात. तुमच्याकडे सुट्टी असते हे मी विसरले. कुणी फोन उचलला नाही, म्हणून मी बंद असं लिहिलं. माझ्याकडे एवढाच पुरावा होता. या तारखा माझ्या वहीत आहेत.”

तिने वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. सभागृहात कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सुमेधा थांबली नाही. पंपघर पाडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, ती म्हणाली, ते तुमचं आहे. पण माझ्या ओळीवरून ठरवू नका. ती ओळ खोटी आहे, ती मी परत घेते.

मघाशी घड्याळ बघणारा सभासद पुढे वाकला. त्याने विचारलं की सात हजार मैलांवर बसून तुम्हाला याचं एवढं काय पडलंय?

हे उर्वीने घोटून घेतलेल्या कागदात नव्हतं. सुमेधाने तो कागद बाजूला सारला.

“कारण ते मी लिहिलं,” ती म्हणाली. “आणि लिहिताना मला काही पडलं नव्हतं.”

यानंतर कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी आभार मानले आणि ते पान अहवालातून काढून टाकायला सांगितलं. पुढे आणखी तासभर रटाळ चर्चा चालली. हरीशने एकदा उठून तिला पाणी आणून दिलं. मतदान झालं तेव्हा पाडण्याच्या बाजूने तीन हात वर झाले, विरोधात चार. चौथा हात त्या घड्याळवाल्याचा होता. सुमेधाला आधी कळलंच नाही. उर्वीने तिच्या दंडाला धरून हलवलं तेव्हा कळलं, आणि मग तिला रडू आवरेना. हरीशने एसी लावला.

दुसऱ्याच दिवशी रूपेशचा दोन ओळींचा मेल आला. यापुढे तिला काम नव्हतं. अकराजणी सुखरूप होत्या. कुणी बाहेरची बाई होती असं सांगून रूपेशने सगळं खापर तिच्यावरच फोडलं होतं. तिने ‘ठीक आहे’ एवढंच कळवलं. एकशे सदतीस गावं लिहिली, एकावरही आपलं नाव नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून खुपलं.

शनिवारी नोरीनचा मेल आला, तिच्या स्वभावाप्रमाणे तुटक. उद्या दहाला फोन कर, पंपघराच्या नंबरावर. सुमेधाला वाटलं, आता ही चुकली. उद्या रविवार होता.

तरीही रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिने नंबर फिरवला. समोर वही होती, तीच, जानेवारीच्या तीन तारखांची. एक घंटा वाजली, आणि दुसरी वाजायच्या आत पलीकडून खणखणीत आवाज आला.

“पंपघर. नोरीन बोलतेय. आम्ही चालू आहोत.”

नोरीन म्हणाली की यापुढे मी रविवारीही दहा ते बारा येऊन बसणार आहे, चर्चला संध्याकाळी जाईन, देव काही रागावत नाही. कुणी सांगावं, अजून कुणी तुझ्यासारखी फोन लावत असेल. आणि दुसरं, मे महिन्यातल्या बादल्यांच्या दिवशी आल्यागेल्याला द्यायला पंपघराची माहिती छापायची आहे, दोन पानं. ती तू लिही. खाली तुझं खरं नाव येईल. एकदा चूक लिहिलंस ना, मग आता नीटही तूच लिहायचंस.

सुमेधाने पदराने डोळे पुसले आणि पेनाचं टोपण काढलं. वहीचं नवं पान उघडून तिने वर तारीख घातली, वार घातला, आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

“सुरुवातीपासून सांगा,” ती म्हणाली. “गाव पाणी कुठलं पितं?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. नोरीन म्हणाली, सांगते, पण वेळ लागेल. सुमेधा म्हणाली, लागू दे.